मक्रीनाची सळई

मक्रीनाची सळई तिसऱ्यांदा बरोबर जागी उतरली, त्या दिवशी कासिल्दा माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "एकदा लागलं तर नशीब म्हणू. दोनदा लागलं तर देवाची दया. तिसऱ्यांदा काय म्हणायचं ते तूच सांग, कोमाद्रे."

कासिल्दाच्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं. तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिच्या मनातलं मला न सांगता कळतं. आणि त्या दिवशी माझ्याही मनात तेच होतं.

आम्ही अकरा बायका. गाव लास हिगेरास, सिनालोआ राज्यात. एका अंगाला मक्याची शेतं, दुसऱ्या अंगाला वेड्या बाभळींचं आणि निवडुंगाचं रान, मधून कालवा. या रानात आम्ही दर बुधवारी आणि रविवारी आमची हरवलेली माणसं शोधतो. कासिल्दा नवऱ्याला शोधते, नोएमी भावाला, मी माझ्या इसाउरोला. इसाउरो एसी दुरुस्त करायचा. साडेतीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर उन्हाचा कोणाचा तरी फोन आला की एसी बंद पडलाय, लगेच ये. तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. पिशवी दुसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलावर सापडली, नीट बंद केलेली. पोलिसांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलगा कसल्या भानगडीत होता?" सगळ्या आयांना हाच प्रश्न विचारतात. काही दिवसांनी शेजारीही तोच विचारतात, फक्त तोंडानं नाही.

आमची पद्धत साधी आहे. जमीन कुठं बसलीय, कुठं गवत वेगळं उगवलंय ते बघायचं. तिथं लोखंडी सळई हातोड्यानं ठोकायची, वर ओढायची आणि टोकाचा वास घ्यायचा. खाली कोणी असेल तर टोक सांगतं. मग आम्ही फावडी घेतो, आणि पहिलं हाड दिसलं की थांबतो आणि तपासाच्या लोकांना फोन करतो. शंभर जागी ठोकावं तेव्हा एखाद्या जागी वास येतो. कधी वर्षभर येत नाही.

मक्रीना फेब्रुवारीत आमच्यात आली आणि एप्रिलपर्यंत तिला तीन जागा सापडल्या होत्या.

ती साठीच्या आतबाहेरची. बारीक, ताठ, कमी बोलणारी. मुलगा हरवलाय म्हणाली, नाव रोसेन्दो. आमच्या सगळ्यांसारखं त्याच्या फोटोचं पोस्टर बरोबर आणायची. गावाच्या पलीकडच्या वस्तीत एकटीच भाड्यानं राहायला आली होती. सळई उचलायची, रानाकडं बघायची आणि चालायला लागायची. आम्ही कालव्याकडून सुरुवात करू म्हटलं तर मान डोलवायची आणि तासाभरानं कुठं तरी भलत्याच बाजूला तिच्या हातोड्याचा आवाज यायचा.

"मावशी, तुम्ही मागच्या जन्मी कुत्रा होतात का?" नोएमी तिला एकदा म्हणाली. नोएमी आमच्यात सगळ्यात लहान, सव्वीसची. तिच्या चेष्टेवरच आम्ही उन्हात तग धरतो.

मक्रीना हसली नाही. "माहीत नाही पोरी," एवढंच म्हणाली.

आता कोणी म्हणेल, सापडतंय ना, मग बरंच आहे की. पण त्याआधीच्या वर्षी शेजारच्या गावात नवऱ्याला शोधणाऱ्या एका बाईला टोळीवाल्यांनी तिच्या दारातच गोळ्या घातल्या होत्या. जानेवारीत कासिल्दाच्या दाराखालून एक चिठ्ठी आली. "खूप खणलंत. आता बसा." चिठ्ठी कोणी टाकली ते कळलं नाही. पण आम्ही बुधवारी कुठं जातो, गाडी कोणाची, चावी कोणाकडं असते, हे टाकणाऱ्याला ठाऊक असणार. तेव्हापासून आम्ही दुकानदाराशीसुद्धा बोलताना दोनदा विचार करायचो. आणि चिठ्ठीनंतर महिन्याभरात ही बाई आली.

कासिल्दानं एकेक गोष्ट बोटावर मोजायला सुरुवात केली.

"तिच्या पोस्टरवरचा फोटो बघितलास? पोरगा पंधरा वर्षांचा दिसतो. हरवला तेव्हा पंचविशीचा होता म्हणते. दहा वर्षांत एक फोटो नाही? आजकाल लोक कोंबडीचेसुद्धा फोटो काढतात."

"गरिबी असेल," मी म्हटलं.

"बरं. मंगळवारी कुठं जाते? मंगळवारी तिच्या दाराला कायम कुलूप."

"कामाला जात असेल."

"आणि लाळेचा नमुना? आपण सगळ्यांनी पहिल्या दिवशी दिला. ती दोन महिने आज देते, उद्या देते करतेय. कोणती आई उद्यावर टाकेल?"

नमुना दिल्याशिवाय सापडलेलं हाड आपल्या माणसाचं आहे की नाही हे कळायचा मार्गच नाही. मी स्वतः नमुना द्यायला गेले तेव्हा कचेरी उघडायच्या आधी दोन तास पायरीवर बसले होते.

मग कासिल्दानं एक डाव टाकला. एका बुधवारी फक्त मक्रीनाला बाजूला घेऊन सांगितलं की शुक्रवारी आपण जुन्या वीटभट्टीमागं खणणार, पक्की खबर आहे, कोणाला बोलू नका. खबर वगैरे काही नव्हती. गुरुवारी आम्ही तिघी, कासिल्दा, नोएमी आणि मी, भट्टीसमोरच्या पंपाच्या खोलीत दडून बसलो. मक्रीना टोळीवाल्यांची माणूस असेल तर कोणी तरी जागा बघायला येईल, असा हिशोब. आम्ही मटण-अंड्याच्या टॉर्टिया गुंडाळून नेल्या होत्या, त्या संपल्या. ऊन चढलं. अकराच्या सुमारास एक पांढरी पिकअप हळूहळू भट्टीवरून गेली. थोड्या वेळानं तीच परत आली. नोएमीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. गाडी थांबली. एक जाडा माणूस उतरला, भिंतीशी उभा राहून त्यानं लघवी केली आणि गाडीत बसून निघून गेला.

नोएमीला हसू आवरेना. तोंडावर ओढणी दाबून ती हसत राहिली. मलाही हसू आलं.

कासिल्दा मात्र रस्त्याकडं बघत होती. "दोनदा का आला?" ती म्हणाली. "लघवी एकदाच लागते ना?"

संशयाला एकदा घरात घेतलं की तो कशानंही पोट भरतो.

त्यानंतर आठवड्याभरानं मक्रीना माझ्या घरी आली. मी शाळेचे गणवेश शिवते, अधूनमधून बायकांचं किरकोळ कामही घेते. तिनं पिशवीतून एक घागरा काढला, विटकरी रंगाचा, जवळजवळ नवा.

"याची चेन काढून टाका. हूकही. इलास्टिक घाला."

"चांगली चेन आहे की, मक्रीनाबाई."

"नको. लोखंडाचं काही नको."

"मग माझ्याकडं काळा तयार आहे, इलास्टिकचा. तुमच्याच मापाचा. घ्या हवा तर."

"काळा चालत नाही," ती पटकन म्हणाली, आणि पिशवीची घडी करायला लागली. तिच्या लक्षात आलं की नको ते तोंडून गेलं.

ती गेल्यावर मी चेन उसवत बसले. लोखंड नको. काळा चालत नाही. माझा नवरा वारल्यानंतरच्या वर्षी माझ्याकडं एक बाई यायची, तिच्यासाठी मी असेच तीन कपडे शिवले होते. तिचा नवरा तुरुंगात होता. तुरुंगाच्या दारात यंत्र वाजतं म्हणून कपड्यात धातू चालत नाही, आणि आतल्या पहारेकऱ्यांचा पोशाख काळा म्हणून भेटायला येणाऱ्यानं काळं घालायचं नाही. माझा हात थांबला. मग मी तो घागरा उलटा करून बघितला. शिवणीत, खिशात काहीच नव्हतं. बघितलं याची मला लाज वाटली, तरी बघितलं.

मंगळवारी सकाळी मी साडेसहाच्या बसला तिच्या मागं चार रांगा सोडून बसले. दोन तासांचा रस्ता. शहरात उतरून ती दुसऱ्या बसमध्ये चढली, मीही चढले. शेवटच्या थांब्यावर उंच भिंत आणि बायकांची रांग होती. हातात पारदर्शक पिशव्या, त्यात बीन्सचे डबे. मक्रीना रांगेत उभी राहिली. तिनं मी शिवलेला घागरा घातला होता.

मी समोरच्या पत्र्याच्या शेडखाली तीन वाजेपर्यंत बसून राहिले. ती बाहेर आली, मला बघितलं. दचकली नाही. येऊन बाकावर शेजारी बसली.

"बस साडेतीनला आहे," ती म्हणाली.

"तुमचा मुलगा आत आहे."

"आहे."

"हरवलेला नाही."

"हरवलेलाच आहे. फक्त कुठं आहे ते मला माहीत आहे." तिनं रिकामा डबा मांडीवर ठेवला. "विचारा. विचारायलाच आलात ना?"

"काय केलं त्यानं?"

"खड्डे खणायचा. त्या लोकांसाठी. मारायचं काम दुसऱ्यांकडं होतं, असं तो म्हणतो. मी ऐकून घेते. खरं किती ते देव जाणे, माझा पूर्ण विश्वास बसत नाही."

ती बोलत राहिली, रस्त्याकडं बघत. वर्षभर ती डबा घेऊन यायची, तो जेवायचा, ती परत जायची. मग एक दिवस टीव्हीवर तिनं आम्हाला बघितलं, उन्हात सळया ठोकताना.

"त्या मंगळवारी त्याला म्हटलं, यापुढं मी रिकाम्या हातानं परत जाणार नाही. एक जागा सांगशील तर तुझी आई येईल. नाही तर तुला आई नाही असं समज. तो रडला. मी उठून गेले. पुढच्या मंगळवारी त्यानं पहिली सांगितली."

"मग पोलिसांना सांगायचं. निनावी फोन करायचा."

"दोनदा केला. कोणी फिरकलं नाही. म्हणून तुमच्यात आले." मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं. "आतल्या कोणाला कळलं की तो बोलतोय, तर आठ दिवस जगायचा नाही. नमुना दिला असता तर माझ्या नावावरून त्याचं नाव निघालं असतं. आता तुमच्या हातात आहे."

मला तिला मारावंसं वाटलं. मला तिचे पाय धरावेसे वाटले. दोन्ही एकाच वेळी. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"इसाउरो?"

"पहिल्याच महिन्यात विचारलं. फोटो आत नेऊ देत नाहीत, म्हणून तोंडी सांगितलं. एसीवाला, उंच, डाव्या खांद्यात स्टीलची पट्टी. तो नाही म्हणाला."

"नाही म्हणजे माहीत नाही, की सांगत नाही?"

ती आपल्या चपलांकडं बघत राहिली. "मीही त्याला हेच विचारलं," ती म्हणाली.

बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडीत कासिल्दानं विचारलं, "काल कुठं होतीस? दोनदा दार वाजवलं."

"दाताच्या डॉक्टरकडं."

"कुठला दात?"

"मागचा."

तिनं माझ्या गालाकडं बघितलं. गाल सुजलेला नव्हता. मग मी न विचारताच म्हणाले की मक्रीनाचं कळलं, तिची बहीण आजारी असते, मंगळवारी तिच्याकडं जाते.

"तुला कोणी सांगितलं?"

"तीच म्हणाली. कपडे द्यायला आली होती तेव्हा."

"असं का," कासिल्दा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मला खोटं बोलता येत नाही. वीस वर्षांत कासिल्दाशी खोटं बोलायची वेळच आली नव्हती.

मेअखेरीला मक्रीना आम्हाला कालव्याच्या तिसऱ्या दारापाशी घेऊन गेली. ऊन इतकं की सळई फडक्यानं धरावी लागत होती. चौथ्या ठोक्याला तिनं हात वर केला. फार खोल जावंच लागलं नाही. आधी बूट दिसला, राखाडी, बाजूला लाल पट्टा असलेला. नोएमी फावडं टाकून खाली बसली. ते बूट तिनंच भावाला वाढदिवसाला दिले होते.

ती ओरडली नाही. उठली आणि मक्रीनाच्या गळ्यात पडली. "मावशी," ती म्हणत होती, "मावशी, तुमच्या हातात देव आहे. तुमचा मुलगाही सापडेल. बघाच तुम्ही, मी शोधीन."

मक्रीनाचे दोन्ही हात खाली लोंबत होते. ती नोएमीच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी होती की बोल, की विनवणी होती की गप्प बस, ते मला आजही सांगता येत नाही. मी गप्प बसले. कासिल्दा आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

नोएमीच्या भावाला जूनच्या मध्यावर माती दिली. त्यानंतरच्या बुधवारी मक्रीना आली नाही. रविवारीही नाही. सोमवारी दुपारी मी तिच्या खोलीवर गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. अंगावर काळे कपडे होते.

"पंख्याला लटकलेला सापडला म्हणतात," ती म्हणाली. "त्याच्या कोठडीत पंखा नव्हता. मी त्याला उन्हाळाभर पुठ्ठा नेऊन देत होते, वारा घ्यायला."

मी दार पुढं ढकलायला गेले, तिनं ते धरून ठेवलं.

"तू कोणाला सांगितलंस?"

"कोणालाही नाही."

"शपथ घे."

"इसाउरोची शपथ."

तिनं माझा चेहरा नीट न्याहाळला, मी घागरा उलटापालटा करून न्याहाळला होता तसा. मग दार लावून घेतलं.

तिथून मी तडक कासिल्दाकडं गेले. ती तव्यावर टॉर्टिया भाजत होती. मी सगळं सांगितलं, एका दमात, उभ्याउभ्याच. टॉर्टिया करपायला लागली तेव्हा तिनं गॅस बंद केला.

"म्हणजे तिच्या पोरानं आपल्या माणसांना पुरलं," ती म्हणाली, "आणि ती आपल्या शेजारी बसून आपल्या डब्यातलं खात होती."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

मग ती खुर्चीवर बसली. "बूट सापडला, त्याच आठवड्यात मी सरकारी कचेरीत गेले होते. तिचं नाव दिलं. म्हटलं, ही बाई कोण आहे, कुठली आहे, जरा बघा. एवढंच. खोलीत तिघं होते. एकानं लिहून घेतलं, एक चहा-कॉफी बघत होता, एक नुसताच बसला होता."

"कोमाद्रे."

"तू दाताचं खोटं बोललीस. मला वाटलं, हिलाही त्या बाईनं फितवलं. आता आपल्यात त्यांच्या दोघी झाल्या." ती आपल्या पिठाच्या हातांकडं बघत होती. "दुसरं कोणी असतं तर मी गेलेही नसते. पण तू होतीस."

त्या तिघांतल्या कोणी नाव पुढं पोचवलं, की कोणीच नाही आणि त्या पोराचं आतच कोणाशी वाकडं आलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. कासिल्दानं स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. ती त्या दिवसापासून बारीक होत गेली.

नोएमीला सांगायचं काम मी केलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या भावाची जागा सांगताना तो आणखी काही बोलला होता का?"

"मला माहीत नाही."

"मग मीच तिला विचारीन."

जुलैअखेरीला, एका बुधवारी, मक्रीना सळई घेऊन गाडीपाशी येऊन उभी राहिली. पोस्टर नव्हतं. एव्हाना सगळ्यांना तिच्या मुलाचं कळलं होतं. आम्ही अकराजणी गाडीत होतो, कोणी सरकली नाही. नोएमीनं वरूनच तिला तो प्रश्न विचारला.

मक्रीनानं सळई जमिनीवर टेकवली. "म्हणाला की जमीन दगडी होती. खड्डा उथळ राहिला. म्हणून जागा लक्षात राहिली."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

नोएमी गाडीतून उतरली आणि घरी चालत गेली. रस्ता सरळ होता, ती बराच वेळ दिसत राहिली. मग कासिल्दा म्हणाली, "चढा मक्रीनाबाई, ऊन होतंय," आणि स्वतः सरकून जागा केली. दोघी कामाचं सोडून एकमेकींशी काही बोलत नाहीत. मक्रीनाला कासिल्दाचं ठाऊक आहे की नाही, हेही मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

नोएमी तीन आठवड्यांनी परत आली. तिचा भाऊ सापडलाय, तिला यायची गरज नाही, तरी येते. पुढं ड्रायव्हरशेजारी बसते. चेष्टा करत नाही.

मक्रीनाची सळई आता आमच्यासारखीच चुकते. दिवसभर ठोकते, टोकाला नुसत्या मातीचा वास येतो. सप्टेंबरपासून आम्हाला काही सापडलेलं नाही.

मी मात्र तिला इसाउरोचं विचारत राहते. प्रत्येक वेळी नव्यानं विचारते, कधी बोलता बोलता, कधी पाणी देताना. गेल्या रविवारी बाभळीच्या सावलीत बसलो होतो, तेव्हा पुन्हा विचारलं.

"माहीत असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का, ओब्दुलिया?" ती म्हणाली. आवाज थकलेला होता.

"सांगितलं असतं," मी म्हटलं.

मग ती उठली, सळई उचलली आणि रानात शिरली. मी तिच्यामागून चालत राहिले, थोडं अंतर ठेवून. ती कुठं वळते, आणि कुठल्या बाजूला वळायचं टाळते, ते बघत.